मोठीच्या डोळ्यातला दोष

मला पाहायला आलेल्या पहिल्या तीन-चार मुलांचे चेहरे मी पाहिलेलेच नाहीत. आई दाराआड माझा चष्मा काढून घ्यायची आणि हातात चहाचा ट्रे द्यायची. करडी गावातल्या आमच्या घराचा उंबरा न् उंबरा ओळखीचा, म्हणून कधी अडखळले नाही. पण समोर खुर्च्यांवर बसलेली माणसं म्हणजे नुसते रंगांचे ढीग. एकदा तर मी मुलाच्या भाऊजीपुढे कप धरून मान खाली घालून उभी राहिले. मुलगा शेजारच्या खुर्चीत होता. सगळे हसले. बाबाही हसले.

एवढं करून लपत काहीच नव्हतं. चौथीपासूनचा चष्मा, नाकाच्या दोन्ही बाजूंना त्याचे खड्डे पडलेले. पाहुणे निघताना चपला घालता घालता बाबांना विचारत, नंबर किती आहे म्हणून. बाबा सात सांगत. मग आठ-दहा दिवसांनी कुणाच्या तरी तोंडून निरोप येई की पत्रिका जमत नाही.

आमची बोडीखालची, म्हणजे छोट्या तलावाच्या पाण्यावरची धानाची शेती. पाण्याची ददात नाही, खाऊन-पिऊन सुखी घर. आम्ही दोघी बहिणी, मी मोठी, ती पाच वर्षांनी लहान. मी बी.एस्सी., बी.एड. करून मोहाडीच्या एका खासगी शाळेत तासिकेवर विज्ञान शिकवत होते. लहानी बी.ए. करत होती. चष्मा तिलाही होता, पण अडीच नंबरचा, आणि दहावीनंतर तो हललेला नव्हता. कॉलेजात जाताना ती तो पर्समध्येच ठेवायची.

लेझरचं नाव मी पहिल्यांदा बारावीत ऐकलं. भंडाऱ्याला चष्मा बदलायला गेलो असताना बाबांनी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय विषयच नको, आणि अठरानंतरही नंबर वर्ष-दीड वर्ष एका जागी थांबायला पाहिजे. वाढत्या नंबरावर लेझर केलं तर चष्मा परत येतो. बाबांनी ते मनात ठेवलं. तेव्हापासून दर वर्षी मी डोळे तपासून आले की आई एकच विचारायची, "थांबला का?" नाही म्हटलं की ती तोंड फिरवून कामाला लागायची. माझा नंबर चोविसाव्या वर्षापर्यंत थांबला नाही. आपल्याकडे चोविसावं म्हणजे मुलीचं वय उलटायला लागलेलं असतं. डॉक्टरांच्या हिशेबात मी आता कुठे वयात आले होते.

पंचविसाव्या वर्षी नंबर थांबला आणि त्याच उन्हाळ्यात लाखनीचं स्थळ आलं. हायवेवर शेतीच्या औजारांचं दुकान, घरची शेती, एकुलता एक मुलगा. मामांनी माझा बिनचष्म्याचा फोटो पाठवला होता. मुलाला पसंत पडला. मामांना लपवाछपवी जमत नाही, त्यांनी नंबर सांगून टाकला. तिकडून उत्तर आलं की मुलगी पसंत आहे, चष्म्याचं तेवढं करून घ्या, मग पाहायला येतो. ही पहिलीच माणसं अशी निघाली, ज्यांनी नाही म्हटलं नव्हतं. घरात लगीन ठरल्यासारखी घाई सुरू झाली. मीही त्या घाईत होते. एका मुलाचा चेहरा मला नीट दिसणार होता, याचंच मला अप्रूप वाटत होतं.

नागपूरला आम्ही चौघं गेलो. तपासणीचे थेंब घातल्यावर काही तास नीट दिसत नाही, आईला शहरात मला सांभाळणं जमलं नसतं, म्हणून लहानीला घेतलं. तिला सीताबर्डीवर खरेदीही करायची होती.

दवाखाना थंडगार होता. एका यंत्रात हनुवटी टेकवायची आणि समोरच्या प्रकाशाकडे पाहायचं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. एक तपासणी त्यांनी पुन्हा केली, मग आणखी एकदा. तेव्हाच मला शंका आली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना आत बोलावलं. पडद्यावर माझ्या डोळ्यांचे रंगीत नकाशे होते, बहुतेक हिरवे, खालच्या बाजूला लाल.

त्यांनी साध्या भाषेत सांगितलं. डोळ्याचा सगळ्यात पुढचा जो पारदर्शक पडदा, तो माझा मुळात पातळ आहे आणि खालच्या बाजूने थोडा पुढे झुकलाय. लेझर त्याच पडद्याला घासून आकार देतं. इथे घासायला शिल्लकच काही नाही.

दहावीच्या पुस्तकात या पडद्याला पारपटल म्हणतात. मी दर वर्षी फळ्यावर त्याची आकृती काढायचे आणि त्याच्या जाडीबद्दल कधी विचारही केला नव्हता.

बाबांनी विचारलं, अजून वर्षभर थांबलो तर?

"वयाचा प्रश्न नाही, काका," त्या म्हणाल्या. "वय झालंय, नंबरही थांबलाय. पडदाच लेझरच्या योग्य नाही. आज नाही, आणि पुढेही नाही." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, डोळे चोळायची सवय आहे का. मी म्हटलं, मळणीच्या दिवसांत धानाच्या कोंड्याने खाज सुटते. त्या म्हणाल्या की कितीही खाज आली तरी चोळू नका आणि दर वर्षी हा नकाशा काढून घ्या. बाकी काळजीचं काही नाही. चष्म्याने सगळं स्वच्छ दिसतंय, ते दिसत राहील.

आईने डॉक्टरांना विचारलं, "मंग आता हिचं काय करायचं?"

"काही करायचं नाही, चष्मा लावायचा," त्या म्हणाल्या.

आई उठली नाही. खुर्चीतच मागे वळून तिने लहानीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आलोच आहो तर इचेही पाहून घ्या ना."

लहानीने माझ्याकडे पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. थेंबांमुळे मला जवळचं काहीच दिसत नव्हतं. ती त्याच यंत्रांवर एकामागून एक बसली. तिचे नकाशे हिरवेगार आले. विसावं वर्ष सरलेलं, नंबर दोन वर्षांहून जास्त काळ स्थिर, पडदा जाड. याहून योग्य डोळे नसतात, असं डॉक्टर म्हणाल्या. बाबा बाहेर व्हरांड्यात जाऊन मामांशी फोनवर बोलले. आत येऊन त्यांनी पुढच्या आठवड्याची वेळ घेतली. मला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारण्यासारखं होतं तरी काय? माझ्या डोळ्यांचा निकाल लागला होता.

लहानीचं ऑपरेशन काही मिनिटांत झालं. घरी आल्यावर वेळच्या वेळी थेंब घालायचे होते. आईचा हात थरथरे, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी लहानीची खालची पापणी ओढून थेंब सोडायचे आणि ती डोळे मिटून पडायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात उभी होती. मला हाक मारून म्हणाली, "ताई, बोडीपलीकडची झाडं एकेक वेगळी दिसून राहिली." मी बरं म्हटलं, आणि थेंबांची वेळ झाली म्हणून तिला आत बोलावलं.

लाखनीचे पाहुणे येणार होते त्या दिवशी सकाळी आईने कपाटातून मोरपंखी साडी काढली. ती माझ्यासाठी घेतलेली होती. आईने ती लहानीच्या खाटेवर ठेवली. मी स्वयंपाकघरात चिवडा डब्यातून काढत होते. मी आईला विचारलं, "चहा कोण नेणार आहे?"

आई चुलीकडे पाहत म्हणाली, "त्यायले बिनचष्म्याची पाहिजे."

"पण ते मले पाहाले येत होते ना?"

"येत होते. तुह्या बाबानं सांगतलं त्यायले. ते म्हणले, लहानी दाखवा." आणि चुलीतलं लाकूड आत सारत, "दोघीयचं नुसकान कायले करायचं? एकीचं तरी होऊ दे."

त्याआधी लहानी एकदा माझ्याकडे आली होती. मी वह्या तपासत होते. ती खाटेच्या कडेला बसून म्हणाली, "ताई, मी नाही म्हणू का?" कशाबद्दल ते मला तेव्हा कळलं नाही. कॉलेजच्या सहलीबद्दल असेल असं समजून मी म्हटलं, तुझी मर्जी. ती आणखी थोडा वेळ बसली आणि उठून गेली. आता वाटतं, तिला खरंच नाही म्हणायचं असतं तर ते तिने आईला सांगितलं असतं. हो म्हणण्यापुरतीच तिला माझी परवानगी हवी होती.

पाहुणे आले तेव्हा मी मागच्या खोलीत बसले होते. मध्ये पातळ दार होतं. पाहुण्यांमधल्या एका बाईने मोठीचं काय म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, "मोठीच्या डोळ्यात दोष निघाला."

एवढंच वाक्य. बाबा खोटं बोलणारे नाहीत, त्यांना तसंच समजलं होतं. डॉक्टरांनी एका ऑपरेशनबद्दल सांगितलं होतं, घरच्यांनी ते माझ्याबद्दल ऐकलं. मग ते वाक्य गावभर फिरलं. फिरता फिरता वाढत गेलं. मोठीची नजर जाणार आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले. लेकरांत उतरते म्हणे. लहानीच्या लग्नात मावशी मला मांडवात हात धरून चालवत होती. मी हात सोडवून घेतला तर म्हणाली, पडशील ना बाई. मी चष्मा लावून उभी होते, आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाच्या हातातल्या पंख्यावरची अक्षरं मला वाचता येत होती.

लहानीचा नवरा वाईट माणूस नाही. पहिल्या दिवाळीला आला तेव्हा जेवताना सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "फोटो तर आम्ही तुमचाच पाहिला होता, ताई." तो मला ताई म्हणतो. त्याचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून, नीट पाहिला. साधा आहे. डाव्या भुवईत जुनी खूण आहे. ज्याच्यासाठी एवढं झालं तो हा, असं मनात आलं आणि मी वरण वाढायला उठले.

त्यानंतर माझ्यासाठी आलेली स्थळं बदलली. एक बिजवर, दोन मुलांचा. एक पन्नाशीला टेकलेला. एकाला मिरगी होती आणि त्याच्या घरच्यांचं म्हणणं होतं की दोन्हीकडे काहीतरी आहे, म्हणजे कुणी कुणाला बोलणार नाही. मी नाही म्हटलं की आई म्हणायची, आता आपण निवडून राहिलो काय? पुढे स्थळं येईनाशी झाली. बाबा गेले. मी आणि आई राहिलो.

दर वर्षी नकाशा काढायचा, हे घरात फक्त माझ्या लक्षात होतं, आणि मीही दोन वर्षं टाळलं. मग उजव्या डोळ्याने फळ्यावरच्या अक्षरांना सावल्या दिसू लागल्या. एकटीच नागपूरला गेले, दुसऱ्या दवाखान्यात. पडद्याचा झुकाव वाढला होता. वाढ थांबवण्याचा एक इलाज असतो, थेंब घालून डोळ्यावर विशिष्ट प्रकाश सोडतात. तो करून घेतला. वाढ थांबली. आता त्या डोळ्याला कडक लेन्स लावते आणि सगळे तास घेते.

तिथले वयस्कर डॉक्टर माझे जुने नकाशे कितीतरी वेळ पाहत होते. मग म्हणाले, "तेव्हा तुम्हाला लेझर नाकारलं त्यांचे उपकार माना. केलं असतं ना, तर हा पडदा वर्ष-दोन वर्षांत फुगत गेला असता. नजर वाचवायला दुसऱ्याचा पडदा बसवावा लागला असता." त्यांनी नंतर विचारलं की त्या नाकारण्याचं दुःख झालं होतं का. मी म्हटलं, घरच्यांना झालं होतं.

परतीच्या बसमध्ये मी डॉक्टरांचं ते उपकाराचं वाक्य मनात घोळवत आले. इतकी वर्षं सगळे ज्याला दोष म्हणत होते, त्या नकारानेच माझे डोळे वाचले होते. हे आईला सांगायचं होतं. मावशीला, मामांना, गावाला सांगायचं होतं. पण आईला आधी.

ती जेवायला थांबली होती. मी हात धुऊन ताटावर बसले आणि सगळं सांगितलं, अगदी वर्गात सांगते तसं, पायरीपायरीने. पडदा, झुकाव, लेझर झालं असतं तर काय झालं असतं. आई नीट ऐकत होती. समजलं का, असं मी विचारलं. ती हाव म्हणाली. भाताचा घास कालवला आणि ताटाकडे पाहतच म्हणाली, "पण तवा झालं असतं तर लगन तरी झालं असतं."

मी जेवले. भांडी घासली. आई खाटेवर आडवी झाली होती. तिला आता मोतीबिंदू आहे, एका डोळ्याला जास्त. दिवाळीनंतर ऑपरेशन करून टाकू, असं डॉक्टर म्हणालेत. तिला भीती वाटते. तिच्या डोळ्यांत थेंब मलाच घालावे लागतील, लहानीला दुकान सोडून येता येत नाही.