वीतभर मोटार आन दोन आबा

आमच्या घरी अमेरिकन मोटार हाय.

बसा, बसा! असं सावरून बसायचं कारण न्हाई. सेलूत मोटार म्हणलं की लोकांच्या डोळ्यांपुढं जिनिंगवाल्या शेठची काळी गाडी उभी राहते. ड्रायव्हर अदबीनं दार उघडायलाय, मागं धुरळा, धुरळ्यामागं पोरं. तसलं काई मनात आणू नका. आमची मोटार वीतभर लांब, प्लास्टिकची, आन आली तवा तुकड्या-तुकड्यांत आली. (हिरमुसलात ना? मी बी हिरमुसलो होतो.)

धाडली आमच्या दादानं, किसननं. आपला जिल्हा हैदराबादेकडून निघून मुंबई राज्यात गेला, आन त्याच्या पाठोपाठ दादा बी मुंबईत गेला. जिल्हा गेला तवा आबांनी गल्लीत पेढे वाटले. दादा गेला तवा घरातला चहा बी गोड झाला न्हाई.

आबा म्हंजे आमचे वडील, मोंढ्यात अडतीच्या दुकानावर मुनीम. दादानं बी त्याच गादीवर बसून कापसाच्या हिशेबपट्ट्या लिहाव्यात, ही त्यांची हौस. दादाला मोटारीचं याड. निघायच्या दिवशी उंबऱ्यावर जुंपली.

आबा म्हणले, "जा! पण परत यायचं तर ह्या उंबऱ्याभाईर उभं राहून 'चुकलं' म्हणायचं. मंगच आत पाय!"

दादा म्हणला, "तुमी म्हणा आधी."

झालं! एक शब्द, तीन अक्षरी, आन दोघं बी तो दुसऱ्याच्या गळ्यात घालायलेत. दोन दिवाळ्या गेल्या. दादा आला न्हाई, आबांनी त्याचं नाव घेतलं न्हाई. लय झालं तर "तो" म्हणायचे. माय तर माझ्या लहानपणीच गेली. म्हंजे घरात माणसं उरली दोन, आन बोलणारं एक. आबा बोलतात ते कापूस तोलल्यागत. "पाणी." "भाकर." "दिवा." तिन्ही एका दमात म्हणले की समजायचं, आज सायेब खुशीत हाय!

मला नाद आवाज काढायचा. तलाठी बोलतो कसा, हेडमास्तर शिंकतो कसा, शेजारची गोदामावशी कोंबडीला शिव्या देते कशी, सगळं हुबेहूब. दादा हसून हसून पोतं पडल्यागत पडायचा. दादा हसायला होता तवर ती कला होती. तो गेल्यावर तिला लोक माकडचाळे म्हणायला लागले. संगतीची पोरं कोण औरंगाबादेला शिकायला, कोण ऊसतोडीला. मग मी कडब्याच्या खोलीत बसून आपल्याच नकला करायचो आन आपणच हसायचो. (आपल्याच इनोदावर हसायला लय कष्ट पडतात. करून बघा.)

अशात एक दिवस कापसाच्या ट्रकवाल्यानं एक खोकं आणून दिलं. "तुझ्या भावानं बंदरावर एका गोऱ्या खलाशाकडून घेतलंय. म्हणलाय, जोडून ठेव, आलो की बघतो."

"कवा येणार?"

"ते न्हाई म्हणला."

पण "आलो की" म्हणला ना! मी ठरवलं, मोटार अशी जोडायची की तिला बघायला तरी दादा आला पायजे.

आबांना मोटार ह्या शब्दाचाच वैताग, म्हणून काम चोरून. घरात शिरलं की पैली कडब्याचीच खोली, तिला लागून सैपाकघर, आन भाईरच्या दाराला आतून कडी. खोक्यातला कागद इंग्रजी. आमी शाळेत आधी उर्दू शिकलो, मग राज्य पालटलं तशी मराठी, आन इंग्रजीची पाळी येईस्तोवर मी मॅट्रिक नापास! म्हणून चित्र बघून जोडायला बसलो. पैल्या झटक्यात स्टेरिंग मागल्या सीटवर बसलं. चिकटवायच्या डिंकाची नळी वाटंतच उन्हानं दगड झालेली. बाभळीचा डिंक लावला, तर सकाळपर्यंत मुंग्यांनी एक दार पार चुलीपर्यंत ओढत नेलं! शेवटी सायकलवाल्या रहीमचाचाकडं गेलो.

"चाचा, जरा सुलेसन देव ना, पंक्चर का."

"काय को रे?"

"मोटार बनारा मैं."

"पंक्चर हुई क्या?"

"अब्बी चाकाच नई लगे."

चाचा माझ्याकडं बघतच राहिले. "चाकां लगने के पैले पंक्चर निकालरा? बड़ा होशियार है रे तू! मुनीमजी कू बोल, इसकू मोंढे में नक्को बिठाव."

पण सुलेसननं मोटार जमली. जमली तशी मला तिच्यात खोट दिसायला लागली. लांबच लांब, पोट जमिनीला टेकलेलं. असली गाडी चारठाण्याच्या रस्त्यावर पैल्याच चाकोरीत पालथी पडंल! मग मी ती सुधारायला घेतली. तापल्या सुईनं टप कापून, उंच करून परत चिकटवला. चाकाखाली काड्यापेटीच्या काड्या देऊन गाडी उचलली. खराट्याच्या काड्यांचं टपावर कॅरियर केलं. पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावलेलं बेगड उरलं होतं, ते म्होरल्या बंपरला लावलं. अशी चमक मारली की अमेरिकेत बी बैल असते तर त्यांनी हेच केलं असतं! शिंगांचाच लाल रंग अंगाला फासला. कपाळावर पाटी, 'सेलू–चारठाणा'.

मोटार झाली, पण रिकामी. रिकामी मोटार बघवंना. आमच्या घरावाणी दिसायली. मग भुईमुगाच्या शेंगा आणल्या. तीन दाण्यांची लांब शेंग, तो दादा, स्टेरिंगवर. दोन दाण्यांची, डोक्याला कापसाचा रुमाल बांधलेली, ते आबा, त्याच्या शेजारी. मागं एक फुगीर शेंग, ती गोदामावशी. आन एक दाण्याची पोचट, ती मी. क्लीनर!

आबा मोंढ्यात गेले की आमची गाडी सुटायची. दुपारभर हसणं, भांडणं, हॉर्न. इतकी माणसं आमच्या घरात लग्नाला बी आली नसतील.

आता माझी अक्कल बघा. त्या दिवशी अमावस्या होती. अमावस्येला मोंढा बंद असतो, हे सेलूतल्या गाढवाला बी ठाव हाय. त्या दिवशी त्याच्या पाठीवर गोणी पडत न्हाई. मुनीमाच्या पोराला तेवढं ठाव नव्हतं! आबा सकाळी तराजूची पूजा करायला गेले, मी समजलो आता सांजंलाच येतील. भाकरी टाकून घेतल्या, चुलीतला इस्तू राखंखाली दाबला, कडी लावली आन गाडी काढली.

"बसा आबा, म्होरं बसा. मागं धक्के बसतात." हा दादाचा आवाज.

"हूं. हळू हाक." हे आबा.

"किसन, माझी कोंबडी टपावर हाय रे मुडद्या! अंडं दिलं तर पैसे माझे!" ही गोदामावशी.

गाडी चारठाण्याच्या देवळापाशी आली. आन माझ्या मनात आलं, मोटार आपली, शेंगा आपल्या, गळा आपला. मग भांडणच तेवढं जुनं कशाला ठेवायचं? मी आबांसारखा खाकरलो. (आबा आधी थोडकं खाकरतात, मग लांबडं, मग नुसताच श्वास सोडतात. हे लय अवघड हाय.) आन रुमालवाली शेंग म्हणली, "किसन... चुकलं रे माझं. चल बाबा, घरी चल."

इतकं साधलं, इतकं साधलं, की माझं मलाच भरून आलं. मग मी गाडी वळवून दादाच्या 'बसा आबा'पासून तेच परत परत खेळत राहिलो.

भाईर काय झालं ते मला मागून कळलं. म्हंजे सगळ्या गल्लीला कळलं, मला सगळ्यात शेवटी. गोदामावशी ताकाचा तांब्या घेऊन आलती. दारात किसनचा आवाज ऐकला आन थबकली. मग आबांचा ऐकला. मग "चुकलं रे माझं" ऐकून तिनं पदर डोळ्याला लावला. "बाई बाई बाई! बापलेक एक झाले गं!" म्हणून तिथंच मुसमुसायला लागली. तेवढ्यात तिच्या मागून कोणतरी म्हणलं,

"काय झालं गोदे? रडायलीस कामून?"

मावशीनं वळून बघितलं. आबा! धोतर, टोपी, हातात पूजेचा नारळ. आन त्याच घडीला आतून आबाच म्हणले, "चल बाबा, घरी चल."

अमावस्या, भर दुपार, आन एक आबा भाईर, एक आत! ताकाचा तांब्या आबांच्या पायावर, आन मावशी गल्लीच्या टोकाला! "मुनीमाचे दोन झाले ओऽऽ" करत ती जी पळाली, ती मारुतीच्या पारावरच थांबली.

आन आबा? आबा दाराला कान लावून उभे राहिले म्हणं. किती येळ, देव जाणे. मग त्यांनी धोतराचा ताकानं भिजलेला सोगा पिळला, टोपी सारखी केली, गडी पाव्हण्यापुढं जातो तशी, आन कडी वाजवली.

"किसन? दार उघड."

दोन वर्सांत पैल्यांदा त्यांच्या तोंडून ते नाव ऐकलं मी. मोटार लपवायला जागा दिसंना. सैपाकघरात पळालो, चुलीच्या वैलावर, मागल्या तोंडावर ठेवली, वरून पातेलं पालथं घातलं, आन येऊन दार उघडलं.

आबांनी माझ्याकडं बघितलं बी न्हाई. दारामागं बघितलं. कडब्यामागं बघितलं.

"कुठाय?"

"कोण?"

"तो!"

"आबा... मीच होतो. नक्कल करायलो होतो."

आबांनी नारळ खाली ठेवला. मग जो तोफखाना सुटला!

"लाज न्हाई वाटत? चांगलं घर टाकून परमुलखात जाऊन बसलास!"

"आबा, मी हितंच हाय."

"गप! दोन दिवाळ्या तोंड दावलं न्हाईस! जेवतोस का, न्हाई का, कोणाच्या वळचणीला निजतोस, काई खबर? बाप मेला का जिता, इचारलंस कवा?"

"आबा, मी दत्ता!"

"ठाव हाय मला! मधी बोलू नगं!"

मी खाली मान घालून दादाच्या शिव्या खात राहिलो. एकाएकी आबा थांबले. नाक वर केलं. "शेंगा कोण भाजायलंय?"

सैपाकघरातून खमंग वास. त्याच्या मागून दुसरा एक वास, तो खमंग नव्हता. मी पातेलं उचललं. राखंखालचा इस्तू इझलेला नव्हता! मोटार पिकल्या केळावाणी वाकली होती. टप बसला, बेगड काळं पडलं, कॅरियर गोदामावशीच्या पोटात. क्लीनर तर सापडलाच न्हाई. (पैला जीव नेहमी त्याचाच जातो.) म्होरल्या सीटचं प्लास्टिक इतकं पाघळलं होतं की दादा आन आबा एकमेकांना गच्च चिकटून बसले होते. ओढलं असतं तर दोघं बी फुटले असते.

दादा आला की काय दाखवू? माझ्या डोळ्याला पाणी आलं. धूर लय होता.

आबांनी मोटार थंड होऊ दिली आन तळव्यावर घेतली. उलटून पालटून बघितली. पाटी वाचली.

"ह्यातला मी कोण?"

"रुमालवाला."

"आन हा लांबडा?"

मी बोटानं वाकलेलं स्टेरिंग दाखवलं. आबांनी परत इचारलं न्हाई.

"मी चुकलं म्हणलो?"

"व्हय."

"मग हा काय म्हणला?"

"तेवढ्यात तुमी कडी वाजवली."

"अस्सं!" आबा म्हणले. "माझ्या तोंडून वदवून घेतोस, आन त्याला मोकळा सोडतोस? जा, उंबऱ्याभाईर उभा राहा. त्याच्या आवाजात म्हण."

मी ताकाच्या थारोळ्यात जाऊन उभा राहिलो. अख्ख्या सेलूची नक्कल केलेला गडी मी, पण त्या दिवशी दादाचा आवाज काई केल्या जागेवर येईना. मधीच चिरकला.

"आबा... चुकलं."

आबांनी मोटार देवळीत दिव्याशेजारी ठेवली. दारातून बाजूला सरकले. "ये आत," म्हणले. "पाय धुऊन ये."

मी पाय धुतले, आत आलो. आबा बाजूला सरकलेलेच. माझ्या मागं, उंबऱ्याभाईर बघत उभे. मग एकदम खेकसले,

"दार लाव की माकडा! तोंड काय बघतोस? आन ते ताक कोण, तुझा दादा पुसणार हाय?"

सबंध दुपारच्या शिव्यांत तेवढी एकच खास माझ्या नावची. बाकी सगळ्या दादाच्या. त्या मी एक बी न सांडता तोंडपाठ करून ठेवल्यात. आला की उंबऱ्यावरच देऊन टाकणार हाय, आबांच्या आवाजात, खाकरण्यासकट!