भाजलेल्या मुंडीतला रिसेप्टर

मेंदू ही विश्वातली सर्वांत गुंतागुंतीची रचना आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीत ती मटणाच्या दुकानात नगावर मिळते, आणि रविवारी जरा उशीर केला तर मिळतही नाही.

पीएचडीसाठी मला बोकडाच्या मेंदूतून एक रिसेप्टर वेगळा काढायचा होता. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. त्यातले काही निरोप न्यूरोपेप्टाइड नावाचे छोटे रेणू पोचवतात. पेशीच्या दारात उभं राहून ते घेणारं प्रथिन म्हणजे रिसेप्टर. हे प्रथिन नाजूक, उष्णता तर त्याला मुळीच सोसत नाही. म्हणून आम्ही मेंदू बर्फात आणायचो, थंड खोलीत स्वेटर घालून वाटायचो आणि खंडेनवमीचा झेंडूचा हार सुकेपर्यंत अंगावर बाळगणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचो.

एवढं करून रिसेप्टर काही सापडेना. तपासणी साधी होती. किरणोत्सर्गी खूण लावलेलं पेप्टाइड नमुन्यात घालायचं. ते खरोखर रिसेप्टरला धरून बसलं असेल, तर बिनखुणेचं पेप्टाइड भरपूर ओतल्यावर खुणेचं जागा सोडतं आणि यंत्रावरचा आकडा कोसळतो. माझा आकडा ढिम्म हलत नव्हता. पेप्टाइड चिकटत होतं, पण चपलेला चिखल चिकटतो तसं.

शेवटी माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "पुढच्या प्रगती-बैठकीत काही दाखवता आलं नाही, तर विषय बदलू. मळीतलं एन्झाइम घे."

कोल्हापुरात अडलेलं संशोधन अखेर उसाकडेच वळतं. मळीशी माझं वैर नाही; पण मी कसबा बावड्यात, साखर कारखान्याच्या शेजारी वाढले आहे, आणि तिचा वास मला जन्मभर पुरेल एवढा घेऊन झाला होता.

मटणवाले मामा एरवी भेजा बर्फाच्या डब्यात तयार ठेवत. एकदा मी लवकर पोचले, तर मामा एक अख्खी मुंडी गॅसच्या जाळावर उलटीपालटी करत होते.

"मामा, हे काय?"

"मुंडी भाजतोय की. केस जळाय नकोत?"

"आणि माझा भेजा?"

"ह्यातच हाय. भाजायची, मग फोडायची. भेजा तुमास्नी, मुंडी दुसऱ्या गिऱ्हाइकाला."

"म्हणजे दर वेळी भाजलेल्याच मुंडीतला?"

"व्हय. तुमची तर जरा जास्तच भाजतोय. कॉलेजातली माणसं तुमी, एखादा केस गावला तर काय म्हणाल!"

एकदम सगळं लक्षात आलं. मला मिळणारे मेंदू कसे घट्ट, आकार धरून असायचे, आणि मी त्यांचं मनातल्या मनात कौतुक करायचे. ताजा मेंदू हातात दह्यासारखा पसरतो. मी इतके दिवस अर्धवट शिजलेलं कालवण शुद्ध करत होते.

"मामा, आधी फोडा, मग भाजा."

"उलटं काम न्हाय का ते? फुटकी मुंडी भाजायची कशी?"

"तारेनं बांधून."

"पावणं, ऐकलं का?" मामांनी शेजारच्या गिऱ्हाइकाला साक्षीला घेतलं. "आता मुंडीला टाकं घाला म्हणत्यात!" पण फोडली. भेजा बाहेर आला तो हवा तसा लिबलिबीत. इतका घाणेरडा दिसणारा आणि इतका सुंदर नमुना मी पाहिला नव्हता.

त्या नमुन्याचा आकडा कोसळला. सरांनी कागद पाहिला आणि "पुन्हा कर" म्हणाले. पुन्हा कोसळला. मी थंड खोलीबाहेर येऊन स्वेटर काढला आणि भर दुपारी टेबलावर डोकं ठेवून गाढ झोपले.

पुढचं काम कष्टाचं होतं, पण भीतीचं नव्हतं. पेशींच्या पापुद्र्यातून रिसेप्टर डिटर्जंटने सोडवला, पेप्टाइड बांधलेल्या मण्यांच्या नळीतून गाळला. शेवटच्या जेलवर पट्टा एकच उमटला, म्हणजे प्रथिन शुद्ध होतं. पेप्टाइडला तो किती घट्ट धरतो तेही मोजलं. काय बदललं असं सरांनी विचारलं, तेव्हा मी "नमुना संकलनाच्या पद्धतीत सुधारणा" असं सांगितलं.

बैठकीत मी आलेख दाखवले, पट्टा दाखवला. समितीने कागद उलटेपालटे करून पाहिले. मग अध्यक्षांनी चष्मा काढून, मटणाच्या दुकानात विचारतात तसा, एकच प्रश्न विचारला.

"बोकड होता की बकरी?"

"बोकड, सर."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि विषय कायम झाला.