टेकाडावरच्या लाटा

समुद्र पाहून आलेल्या माणसाला आमच्या धरणावरच्या लाटांचं सांगितलं की तो हसतो. हसू दे. समुद्र मीही पाहिलाय. तिथली लाट दुरून दिसते, येते, फुटते, परत जाते. तिला काही रीतभात असते. वर्धा नदीच्या अडवलेल्या पाण्याला कसलीच रीत नाही. भादव्यात धरण तुडुंब भरलं आणि पश्चिमेचा वारा सुटला की ते पाणी चवताळतं. दगडी भिंतीवर असं आदळतं की वर रस्त्यावर उभ्या माणसाचे कपडे भिजतात. आणि मधोमध एका जागी, जिथं पाण्याखाली एक टेकाड आहे, तिथं लाटा अडखळून उभ्या राहतात आणि माणसाच्या डोक्यावरून खाली कोसळतात.

ते टेकाड म्हणजे आमचं गाव. सगळं गाव नाही. घरं उतारावर होती, ती खोल गेली. टेकाडावर फक्त मारुतीचं देऊळ आणि त्याचा ओटा. मूर्ती शिळेतच कोरलेली, हलवता येईना, म्हणून देव तिथंच राहिला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कळस बाहेर येतो आणि त्यावर बगळे बसतात. पावसाळ्यात तो दोन-चार हात पाण्याखाली असतो.

अलीकडे त्या लाटांचे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरायला लागले आणि काठावर एका माणसानं इंजिनाची बोट आणून ठेवली. लाटा दाखवायच्या फेऱ्या. नारिंगी जाकिटं आली, गाइड आला. मी वर्ध्याला शाळेत शिकवते. वर्गातल्या एका मुलीनंच मला तो व्हिडिओ कौतुकानं दाखवला. ज्या देवळाच्या पायरीवर मी गुडघे फोडून घेतले, ते आता बघायला जायची गोष्ट झालं म्हणून मला संताप आला. आणि बघायची इच्छाही झाली. दोन्ही एकदम. माझं असंच असतं, आणि हा स्वभाव कुणाकडून आला ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

बाबा माझ्या भावाकडे राहतात, रोहणा गावाच्या बाजूला, गाव उठल्यावर वसवलेल्या वस्तीत. तिला कागदावर काही नाव असेल, बोलताना सगळे पुनर्वसनच म्हणतात. धरण भरल्यापासून बाबा त्या पाण्याकडे फिरकले नव्हते. एसटीतून पाणी दिसायला लागलं की उठून दुसऱ्या बाजूला बसायचे. म्हणून शुक्रवारी फोनवर मी जवळजवळ चिडवायलाच विचारलं, येता का लाटा पाहायला, तर पलीकडून लगेच, उद्या ये, असं उत्तर आलं. मला इतका आनंद झाला की उद्या शनिवार, मारुतीचा वार, हे डोक्यातच आलं नाही.

सकाळी मी गाडी घेऊन पोहोचले तेव्हा ते आंघोळ करून, धुतलेला पांढरा सदरा-पायजमा आणि टोपी घालून बाहेर बसले होते. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत काय म्हणून विचारलं, तर तुले काय करायचं आहे म्हणाले. मी गाडीला किक मारली. सत्तरी ओलांडलेला बाप मागं बसून धरण पाहायला निघालाय, एवढ्यातच मी खूश होते.

आता आमच्या गावाची एक रीत सांगायला हवी. गाव सोडून जो कोणी जाईल, त्यानं निघण्याआधी मारुतीला एक फेरी मारायची. लग्न झालेली पोरगी फेरी मारूनच सासरच्या गाडीत बसायची. मी शिकायला वर्ध्याला निघाले तेव्हा बाबा मला पहाटे टेकाडावर घेऊन गेले होते. विकलेला बैलसुद्धा नव्या मालकाच्या हाती दोर देण्याआधी देवळाभोवती फिरवून आणायचे. देव उजव्या हाताला ठेवायचा, फेरी पुरी करायची, मग मागं वळून पाहायचं नाही. फेरी मारली नाही तर तो माणूस गेला असं कुणी धरतच नसे. धरणात पहिल्यांदा पाणी अडवलं आणि गाव उठलं, तेव्हा सगळ्यांनी फेरी मारली. बाबांची तेवढी राहिली. घाई झाली, एवढंच ते सांगायचे. मी तेव्हा होस्टेलवर होते, परीक्षा होती. त्या दिवसापासून आजवर बाबांनी नव्या घरात स्वतःच्या हातानं एक खिळा ठोकलेला नाही. त्यांचे कपडे अजून पेटीत असतात. आपलं निघणं झालंच नाही अजून, असं ते म्हणतात, आणि रडत-बिडत नाहीत, पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं म्हणतात.

बोटीत आम्ही दोघं, वर्ध्याहून आलेलं एक तरुण जोडपं आणि गाइड. बोट तोच चालवायचा, मागच्या इंजिनाचा दांडा धरून. गडी देवळी गावाकडचा होता. बोलण्यात पक्का. निघाल्या निघाल्या त्यानं सांगायला सुरुवात केली की इथं पाण्याखाली गाव आहे आणि अमावास्येला देवळाची घंटा ऐकू येते. ती घंटा पुनर्वसनातल्या शाळेत आहे आणि रोज पोरांच्या प्रार्थनेला वाजते, असं मी त्याला सांगितलं. तो हसला. जोडप्याला मात्र पाण्याखालचीच घंटा आवडली.

मग वारा लागला आणि कुणाचीच बोलायची सोय राहिली नाही. काठावरून ज्या लाटा फोनमध्ये मजेशीर दिसतात, त्या बोटीतून पाहाव्यात. पाणी काळपट, शेतातली माती कालवलेलं. ते दुरून पाठ वाकवून येतं आणि टेकाडापाशी आलं की त्याला खालून कुणी लाथ घातल्यासारखं वर उसळतं. क्षणभर भिंत उभी राहते. मग ती भिंत तोंडावर पडते, आणि तिच्या पडण्याचा दणका बोटीच्या फळीतून आपल्या मांड्यांत येतो. एक फुटते तोवर तिच्या अंगावर दुसरी. एक आख्खं झाड, मुळांसकट, कुठून तरी वाहत आलेलं, त्या लाटांत सापडलं होतं. लाटा त्याला उचलून आपटत होत्या, उचलून आपटत होत्या. आम्ही पाहता पाहता त्याची एक जाड फांदी कडाडून मोडली. जोडप्यातली ती मुलगी व्हिडिओ काढायची थांबली. खरं सांगायचं तर मला ते पाहायला आवडत होतं. आमचं गाव बुडवणाऱ्या पाण्याला कुणीतरी अडवतंय, आणि अडवणारं आमचंच टेकाड आहे, असं काहीतरी मनात आलं.

बाबा लाटांकडे पाहतच नव्हते. त्यांनी पिशवीतून रुईच्या पानांची माळ काढली, नारळ काढला, तेलाची बाटली आणि शेंदराची पुडी मांडीवर ठेवली. मग गाइडला म्हणाले, "एक फेरी मार भौ. देव उजव्या हाताले ठेवजो."

गाइडला आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यानं मान हलवली. "नाई जमत काकाजी. बोट लाटेले आडवी झाली का पलटते. अन् खाली कळस आहे. पंखा त्याले लागला तं इंजिनच जाते."

मी मधे पडले. बाबांना सांगितलं की उन्हाळ्यात येऊ, कळस उघडा असेल, पाणी शांत असेल, हव्या तेवढ्या फेऱ्या मारू. उन्हाळा मले दिसते का नाई, कोणाले माहीत, असं म्हणून त्यांनी जाकिटाचे पट्टे सोडले. देवासमोर हे असलं फुगीर काही घालून जायचं नाही म्हणाले. जाकीट काढून त्यांनी माझ्या हातात दिलं, चांगलं घडी करून. मी ते परत त्यांच्या गळ्यात घालायला उठले, तेवढ्यात ते मला ओलांडून मागं गेले आणि त्यांनी इंजिनाचा दांडा धरला.

जन्मभर वखर हाकलेला हात. गाइडला तो सोडवेना. बोट गर्रकन उजवीकडे फिरली आणि पहिली लाट आम्हाला आडवी लागली. पाणी अंगावर पडलं असं नाही म्हणता येणार. कुणीतरी गोणी फेकून मारावी तसं ते लागलं. जोडपं एकमेकांवर पडलं. गाइडनं शिवी देऊन बाबांच्या मनगटावर बुक्की मारली, दुसरी मारली, तिसरी बोटीच्या काठावर बसली आणि त्याचीच बोटं फुटली. बाबा ओठ घट्ट मिटून दांडा दाबून होते. खालून काहीतरी खर्रकन घासून गेलं. तो कळस असावा. शेंदराची पुडी फुटून बोटीतलं सगळं पाणी लालभडक झालं आणि ती मुलगी किंचाळायला लागली, तिला वाटलं कुणीतरी मेलं.

दुसरी लाट उभी राहताना मी पाहिली. तिच्या पोटात ते मोडकं झाड होतं.

मी बाबांना मागून कमरेला धरून ओढलं. ते सुटेनात. मग मी त्यांच्यासमोर आले आणि पूर्ण हातानं त्यांच्या थोबाडीत मारली. टोपी उडाली. त्यांचा हात सुटला, तशी मी त्यांना बोटीच्या बुडाशी पाडलं आणि त्यांच्या छातीवर बसले, दोन्ही दंड गुडघ्यांखाली दाबून. त्या घटकेला मला त्यांना वाचवायचं होतं की ठार मारायचं होतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. इतका राग मला कधी कुणाचा आलेला नाही. बाप मरायला निघालाय, तोही मला सोबत घेऊन, शनिवार बघून, आंघोळ करून.

गाइडनं रक्ताळलेल्या हातानं बोटीचं तोंड लाटेकडे वळवलं. झाड आमच्या शेजारून गेलं, इतकं जवळून की त्याची मुळं माझ्या जाकिटाला ओरबाडून गेली. बोट वर चढली, आदळली, पुन्हा चढली. त्या सगळ्या धिंगाण्यात बाबा माझ्या खालून बोलत होते. आधी मला ऐकू आलं नाही, म्हणून मी वाकले.

"अर्धी झाली वं," ते म्हणत होते. "अर्धी नको ठेवू. अर्धी महादेवाले चालते, मारुतीले नाई."

मी त्यांना गप राहा म्हटलं. गाइड आलो त्याच बाजूनं बोट मागं काढत होता आणि मी काठ लागेपर्यंत उठले नाही. ते धडपडायचे तेव्हा मी आणखी जोर द्यायची.

काठावर गाइड जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. पोलिसात देतो म्हणाला. मी त्याच्याहून मोठ्यानं ओरडले, मग त्याच्या फुटलेल्या बोटांना माझा रुमाल बांधला, मग पुन्हा ओरडले. तो तरुण, आपल्या बायकोला दोन्ही हातांनी धरून, आम्हा सगळ्यांकडे वेड्यांकडे पाहावं तसं पाहत होता. बाबा ओल्या कपड्यांत गाडीजवळ जाऊन उभे राहिले. त्यांनी पाण्याकडे पाठ केली होती.

रोहण्याच्या रस्त्याला लागलो. पुढं एका बाभळीखाली मी गाडी थांबवली, कारण हँडल सांभाळवत नव्हतं. तुम्ही मेला असता, मी मेले असते, ती परकी पोरगी मेली असती, असं सगळं मी रस्त्याकडे पाहत बोलले. ते ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "तुह्या मायनं बी असंच धरलं होतं मले. ट्रकात. छातीवर बसली होती."

हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं.

"पाणी टेकाडाले लागलं होतं. सगळ्याईच्या फेऱ्या आधीच झाल्या होत्या, मी गोठ्यातलं सामान काढून राह्यलो होतो. कोणी मले जाऊ देत नव्हतं. मी उडी माराले निघालतो, तं तिनं पाडलं मले. गाव दिसेनासं होईपर्यंत उठली नाई." त्यांनी पायजमा पिळला. "ती मरेपर्यंत बोललो नाई मी तिच्यासंगं."

आई शेवटची काही वर्षं वर्ध्याला माझ्याकडेच राहिली. तिकडं का जात नाहीस म्हटलं की मले तिथी करमत नाई म्हणायची, आणि मी भावजयीशी पटत नसेल असं समजून भावजयीवर डूख धरून होते. तिनं नवऱ्याचा जीव वाचवला आणि त्याची शिक्षा भोगली, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही. बाभळीखाली मला हे कळलं, आणि मी बाबांना विचारलं, की मग आता माझ्याशीही बोलणार नाही का. मला भीती वाटत होती. लाटेत वाटली नव्हती एवढी.

त्यांनी गाडीच्या आरशात वाकून पाहिलं. गालावर माझी चारही बोटं उठली होती, कानापर्यंत. त्यांनी त्यांवरून हात फिरवला.

"सून इचारीन, गालाले काय झालं म्हणून," ते म्हणाले. "तुहा दुपट्टा दे."

वर्ध्याच्या पोरी गाडीवर बसताना बांधतात तसा माझा ओला, फुलाफुलांचा दुपट्टा त्यांनी डोक्यावरून, गालांवरून गुंडाळला आणि हनुवटीखाली गाठ मारली. मग माझ्या मागं बसले. दारात भावानं हे काय म्हणून विचारलं.

"दाढ दुखून राह्यली," बाबा म्हणाले, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.