लाल कोटवाल्यांचं दुसरं गाणं

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी वाद घालत होतो. त्याचं म्हणणं, मी चेन बसवल्यापासून ती उतरते. माझं म्हणणं, तो चढाला लागल्यावर गिअर बदलतो म्हणून उतरते. मी जवळजवळ जिंकत आलो होतो, तेवढ्यात साताऱ्याहून कौसल्यावहिनींचा फोन. "भावजी, ह्ये गेले. चहा घेतला, पेपर हातात धरला आन्..." मी फोन ठेवला, गिऱ्हाइकाला म्हणालो, "तुमचंच बरोबर आहे, सायकल ठेवून जा," आणि शटर ओढलं. इस्लामपुरात माझं दुकान माहीत असलेल्या कुणालाही विचारा, हे वाक्य त्याआधी माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. एसटीत खिडकीशी बसलो. आपला जन्माचा मित्र गेला आणि मनात पहिला विचार कोणता यावा? लाज वाटते सांगायला... आता लाल कोटवाल्यांचं काय, हा!

हे लाल कोटवाले कोण, ते सांगायला सत्तरच्या दशकात जावं लागेल. बहात्तरचा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली असतील. वसंताचे वडील साखर कारखान्यात होते आणि कारखान्याच्या कॉलनीत त्यांची दोन खोल्यांची क्वार्टर होती. त्याचे चुलते सुभेदार. ते एकदा सुट्टीवर आले ते एक पत्र्याची ट्रंक घेऊन. कुठल्याशा ऑफिसर मेसमधलं जुनं सामान काढून टाकत होते, त्यातून त्यांनी एक रेकॉर्डप्लेअर आणि तेवीस छोट्या इंग्रजी रेकॉर्ड उचलल्या होत्या. "वाजतंय का बघा, न्हाईतर मोडीत घाला," म्हणाले. वाजत नव्हता. आतलं तबकडी फिरवणारं रबर तुटलं होतं. मी आमच्या दुकानातून जुनी ट्यूब आणली, कात्रीनं तिचं गोल कडं कापलं आणि बसवलं. प्लेअर फिरायला लागला, पण जरा दमानं. त्यामुळं आम्ही ऐकलेलं सगळं इंग्रजी संगीत मूळच्यापेक्षा थोडं हळू होतं, हे मला पुढं कित्येक वर्षांनी कळलं. आम्हाला तेच बरं वाटायचं. शब्द कळत नव्हतेच, निदान सूर तरी घाई करत नव्हते.

रेकॉर्डवरची नावं आम्हाला वाचता यायची, पण उच्चार कसा करायचा यावर तासभर जायचा. म्हणून आम्हीच बारसं केलं. एक गडी मधेच शिंकल्यासारखा ओरडायचा, तो शिंकरे. एका बाईचा आवाज बसलेला होता, ती घोगरीबाई. एका टोळीचा ढोल रॉकेलच्या डब्यासारखा वाजायचा, ते डबडेवाले. आणि ज्या एकाच रेकॉर्डचं पाकीट शाबूत होतं, त्यावर चार पोरं लाल कोट घालून भिंतीला टेकून उभी होती... ते लाल कोटवाले. रेडिओवर एकदा कुठल्यातरी परदेशी स्टेशनचा निवेदक सांगताना ऐकलं की अमुक गायकाचं एकच गाणं जगभर गाजलं, पुढं त्याचं नावही कुणी ऐकलं नाही. वसंता ताडकन उठून बसला. "म्हंजी आपल्या तालमीतल्या रंगाप्पासारखंच की रं! एक कुस्ती मारली आन् जलमभर तिच्यावर फेटा बांधला." तेव्हापासून अशांना आम्ही 'एकगाणी' म्हणायला लागलो आणि ट्रंकेतल्या प्रत्येकावर खटला उभा राहिला.

खटला म्हणजे खटलाच. रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं गाणं धरायचं की नाही? शिंकरे आधी डबडेवाल्यांत होता आणि मग फुटून निघाला, असं वसंताला आवाजावरून वाटायचं. मग डबडेवाल्यांचं गाणं त्याच्या नावावर चढवायचं का? यावर आम्ही एक आख्खी दिवाळी घालवली. कारखान्याचा भोंगा झाला की गाणं अर्धवट बुडायचं, पण आमचा वाद बुडायचा नाही. शेवटी न्यायाधीश म्हणून वसंताच्या आईला नेमलं. काकूंना इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, आणि तीच त्यांची पात्रता. नियम असा ठरला, की काकू ज्वारी निवडताना किंवा भाकरी थापताना जे गाणं नकळत गुणगुणतील ते गाजलेलं; बाकीचं सगळं रद्दी. शिंकरेचं मागच्या बाजूचं गाणं काकूंनी धुणं वाळत घालताना म्हटलं आणि शिंकरे एकगाणीतून सुटला. वसंता नाचला. काकू मात्र गोऱ्यामोऱ्या झाल्या. म्हणाल्या, "मेल्यांनो, मला कामं हायती का तुमचं गानं म्हनू?"

लाल कोटवाल्यांचं गाणं तर काकू आठवडाभर म्हणत होत्या. पण मागची बाजू नुसती वाद्यांची होती, ती त्यांना काही लागली नाही. मी निकाल देऊन टाकला : एकगाणी. माझं तर्कशास्त्र सरळ होतं. ट्रंकेत घोगरीबाईच्या दोन रेकॉर्ड आहेत, डबडेवाल्यांच्या तीन. लाल कोटवाल्यांची एकच. त्यांनी दुसरं गाणं केलं असतं तर ते ट्रंकेत नसतं का? आज हे लिहिताना मला हसू येतं, पण तेव्हा ती ट्रंक म्हणजे मला साऱ्या जगाचा दाखला वाटायची. वसंता डोक्याला हात लावायचा. "पेटी म्हंजी जग हाय व्हय रं बापू? सुभेदारकाकानं हाताला लागल्या तेवढ्या उचलल्या!" मी म्हणायचो, पुरावा दाखव. दुसरी रेकॉर्ड हातात आणून दे, ती वाजव, आणि इंग्रजी न येणाऱ्या माणसाला ती गुणगुणता आली पाहिजे. तोवर एकगाणी.

मग इंटरच्या परीक्षेत मी गणितात आपटलो. वसंता चांगल्या मार्कांनी पास झाला आणि इंजिनिअरिंगला सांगलीला गेला. मी वडलांच्या सायकलच्या दुकानात पान्हे पुसायला बसलो. तोवर आम्ही बरोबरीचे होतो. आता नव्हतो, आणि ते मला जेवढं टोचत होतं तेवढं दुसऱ्या कुणालाच टोचत नव्हतं. शनिवारी तो सांगलीहून यायचा. दुकान स्टँडला लागूनच, त्यामुळं गाडीतून उतरताना तो मला दिसायचा, आणि दिसला की मी मागच्या बाजूला जाऊन पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून भोकं शोधत बसायचो. दोन शनिवार असे गेले. तिसऱ्या शनिवारी तो सरळ मागं आला, टबाजवळ उकिडवा बसला आणि कॉलेज, परीक्षा, माझं पुढं काय, यातलं एक अक्षर न काढता म्हणाला, "बापू, म्या लई इचार केला. लाल कोटवाल्यांचं दुसरं गानं असनारच."

"पुरावा?"

"होस्टेलातली समदी पोरं म्हनत्यात."

"सांगलीला इचारलंय कुनी? रेकॉर्ड दाव."

त्यानं पाण्यात हात घालून बुडबुडे निघत होते तिथं बोट दाबलं. मग मान खाली घालून म्हणाला, "न्हाई गड्या माझ्यापाशी. जिंकलास तू."

त्या वर्षात मी जिंकलेली ती पहिली गोष्ट. त्या दिवशी मला अन्न गोड लागलं, हे खोटं कशाला सांगू? आणि मग तो दर शनिवारी यायला लागला, दर वेळी काहीतरी नवीन घेऊन. एकदा मासिकातलं चित्र आणलं, त्यात त्याच चौघांनी निळे कोट घातलेले. मी म्हणालो, "कोट बदलला म्हंजी गानं बदललं का? उद्या मी धोतर नेसलो तर दुकान बदलंल व्हय?" एकदा रूममेटच्या मामेभावाची साक्ष आणली, त्यानं म्हणे मुंबईत दुसरं गाणं कानांनी ऐकलं होतं. ऐकीव साक्ष म्हणून मी ती फेटाळली. दुकानात आलेली गिऱ्हाइकं पंक्चर निघाल्यावरही आमचा वाद ऐकत उभी राहायची, माझ्या बाजूनं माना डोलवायची. सांगलीचा इंजिनिअर इस्लामपूरच्या सायकलवाल्यापुढं दर आठवड्याला हरतोय, याची मजा त्यांनाही वाटत असणार. मला तर वाटतच होती. ताठ मानेनं दुकान चालवायला मी त्या शनिवारांमुळं शिकलो.

एकदा, त्याच्या शेवटच्या वर्षाला, तो जरा वेगळा आला. हातात कापडी पिशवी होती, चेहरा उजळलेला होता. म्हणाला, "बापू, आज तुला..." आणि थांबला. नेमका त्याच दिवशी मला इंटरच्या परीक्षेचा तिसऱ्यांदा नापासाचा कागद आला होता आणि तो माझ्यासमोर टेबलावर पडला होता. त्यानं तो वाचला. पिशवी पायाशी ठेवली. "आज मला काय?" मी जरा तिरसटपणेच विचारलं. "काय न्हाई," तो म्हणाला. "आज तुला भेळ चारतो." भेळ खाता खाता लाल कोटवाल्यांवर तो इतका सहज हरला, की मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

पुढं त्याला पाटबंधारे खात्यात नोकरी लागली आणि तो साताऱ्याला स्थायिक झाला. माण तालुक्यातली, सातवी शिकलेली कौसल्या त्याची बायको होऊन आली. ट्रंक त्याच्याबरोबर साताऱ्याला गेली. महिन्यातून एकदा मी जायचो. वहिनी मटकीची उसळ करायच्या, वसंता प्लेअर लावायचा, मी माझ्या हातानं नवी ट्यूब कापून रबर बदलायचो, आणि जेवणं झाली की खटला उभा राहायचा. शिंकरे, घोगरीबाई कधीच निकाली निघाले होते. उरले होते फक्त लाल कोटवाले. वसंता चीफ इंजिनिअर होऊन निवृत्त झाला, माझ्या दुकानाची तीन दुकानं झाली, तरी निकाल तोच. हल्ली फोनवर म्हणे सगळं सापडतं. त्याच्या नातवानं एकदा "आजोबा, थांबा, मी शोधतो" म्हणून फोन बाहेर काढला, तर आम्ही दोघेही एकदम ओरडलो, "ठेव तो!" पोरगं घाबरलं. माझ्या ओरडण्याचं कारण मला ठाऊक होतं. खरं काय ते वयाच्या पन्नाशीपर्यंत मलाही कळून चुकलं होतं, फक्त ते समोर यायला नको होतं. वसंताच्या ओरडण्याचं कारणही तसंच काहीतरी असावं, असं मी धरून चाललो होतो.

शेवटची भेट त्याच्या जाण्याआधी अकरा दिवस झाली. नेहमीसारखाच हरला. मला एसटीत बसवून देताना खिडकीशी येऊन म्हणाला, "पुढच्या बारीला असा मुद्दा काढतो का न्हाई बघ." मी म्हणालो, काढ.

तेरावा झाल्यावर तीन आठवड्यांनी वहिनींनी बोलावलं म्हणून मी परत साताऱ्याला गेलो. ट्रंक पुढच्या खोलीत आणून ठेवलेली. "तुमी न्या भावजी. मला ती कुटं वाजवाय येती." मी नको नको म्हणत होतो, तेवढ्यात त्या आत गेल्या, लोखंडी कपाट उघडलं आणि आपल्या साड्यांच्या खालून एक पुडकं काढून आणलं. "आन् ह्येबी घ्या. आता लपवून तरी काय करू?"

कापडी पिशवीत तीन रेकॉर्ड होत्या. तिन्हींवर तेच चौघे. एकीवर लाल कोट, एकीवर निळे, एकीवर कोटच नाहीत. पाकिटांवर सांगलीच्या दुकानाचा शिक्का.

"कवापासनं हायत ह्या?"

"माझ्या लग्नाच्या आदीपासनं. तुमी येनार म्हनलं की ते कपाटात ठेवाय लावायचे. म्या इचारलं एकदा, दावत का न्हाई भावजींना? तर म्हनले, त्यो जिंकाय येतो गं. हराय लागला तर एवढ्या लांब कशाला यील?"

मला राग आला. खरंच आला. माणूस मेल्यावर त्याचा राग येणं वाईट, पण आला. इतकी वर्षं मला लहान मुलासारखं जिंकू दिलं होतं यानं! वहिनींसमोर डोळ्यांत पाणी नको म्हणून मी घाईघाईनं प्लेअर लावला, निळ्या कोटांची रेकॉर्ड चढवली. गाणं सुरू झालं. भिंतीवर वसंताचा हार घातलेला फोटो होता, त्याच्याकडं बघून मी मोठ्यानंच म्हणालो, "नुसती रेकॉर्ड असून काय उपेग? इंग्रजी न येणाऱ्या मानसाला गुणगुणता आलं पाहिजे! कुनाला येतंय ह्ये गानं? सांग की!"

वहिनी चहा टाकायला आत गेल्या होत्या. भांड्यांच्या आवाजातून त्यांचं गुणगुणणं ऐकू यायला लागलं. शब्द नव्हते, नुसता सूर. तोच सूर, रेकॉर्डच्या अर्धं पाऊल पुढं. एके ठिकाणी चरा होता, तिथं पिन तीनदा अडखळली आणि मग पुढं सरकली. वहिनीही बरोबर तिथंच तीनदा अडखळल्या आणि पुढं गेल्या. त्यांना ते गाणं तसंच माहीत होतं. मी नसताना ते दोघं किती वेळा ऐकत बसले असतील...

त्या चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा मी रडत होतो आणि हसतही होतो. "काय झालं वो भावजी?"

"हरलो वहिनी."

त्यांनी कप माझ्या हातात दिला. समोर बसल्या, पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, "अजून दोन ऱ्हायल्यात. पुढल्या शनवारी या. मला त्याबी येत्यात." मग पदर सावरून, "आं? हराय याल का पर?"

येईन म्हणालो.