तळ्यातली म्हातारी

माझ्या बहिणीचा नवरा व्हर्लन ट्रॅक्टर दुरुस्त करतो, पण जगतो तो घरामागच्या तळ्यातल्या एका अवाढव्य बास माशासाठी. त्या मादीला तो ‘म्हातारी’ म्हणतो. तिला पेंढा भरून टांगायला टीव्हीच्या वर खिळासुद्धा ठोकून ठेवलाय. तिथे दुसरं काही लावू देईल तर शपथ!

परवा शनिवारी त्याची गळाची काठी कमानीसारखी वाकली. “आली रे आली!” करत व्हर्लन बुटांसकट पाण्यात! म्हातारीनं उसळी मारून त्याचं थोबाड चिखलानं माखलं. मी काठावरून बोंबलतोय, “ढील दे, गाढवा, ढील दे!”

शेवटी तिच्या तोंडात अंगठा घालून त्यानं तिला उचललं. तिच्या जबड्यात आणखी एक गंजका गळ होता, त्यावर लाल नेलपॉलिश. गळाला नेलपॉलिश लावणारी बाई अख्ख्या अलाबामात एकच. ती, माझी बहीण अर्लीन, घराच्या मागच्या ओट्यावर वाटाणे सोलत होती.

मासा पाहून ती म्हणाली, “मागं माझ्या गळाला लागली होती ती, पण गळ खोल रुतला होता. दोरा कापून सोडलं मी तिला.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगून? तुझा नाद सुटला असता आणि दर शनिवारी घरात बसला असतास माझं डोकं खात!”

व्हर्लननं तो गळ काढला आणि म्हातारीला पाण्यात सोडलं.

खिळ्याला आता तो लाल गळ लटकतोय.