रांगेच्या टोकाची खुर्ची

किल्लीवाल्यांच्या घरात सकाळी आधी बायकोचं आवरायचं, मग बाकी जगाचं. तिची कूस बदलायची, तोंड पुसायचं, चादर काढून भिजत घालायची, दुधात कुस्करलेला पाव चमच्याचमच्याने भरवायचा. हनुवटीवर ओघळ आला की खांद्यावरच्या फडक्याने टिपायचा. एरवी एवढं उरकलं की ते खिडकीजवळच्या टेबलाशी कानस घेऊन बसत. बायको अंथरुणाला खिळल्यापासून दुकान तिथंच आलं होतं. लोक बिघडलेली कुलपं घरी आणून देत.

आज शुक्रवार होता. जुम्म्याचा दिवस. पाव भरवून झाल्यावर त्यांनी नखं काढली, अंगभर पाणी घेतलं, ठेवणीतला पांढरा सदरा चढवला आणि कानामागून अत्तराचं बोट फिरवलं. मग निघाल्यासारखे दारापर्यंत गेले, आणि परत येऊन पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले.

बायको बघत होती. अर्धं अंग गेलं होतं, जीभ जडावली होती. नजर मात्र पहिल्यासारखीच, अंधुक उजेडातही सुईत दोरा ओवणारी.

"नटलात," ती म्हणाली. "कुठं?"

"कुठं नाही. तुला दाखवायला."

"खोटं."

खोटंच होतं. आजाऱ्याला सोडून येता येत नाही त्याला जुम्म्याची माफी असते, घरीच दुपारची नमाज पढा, असं इमामसाहेबांनी त्यांना कधीच समजावलं होतं. पण माफी मिळाली म्हणून ओढ थोडीच जाते! घरची नमाज ते मन लावूनच पढत. अडायचं ते शेवटी. नमाज संपताना सलाम करत मान आधी उजवीकडे वळवायची, मग डावीकडे. मशिदीत मान वळवली की माणसं दिसत. कुणाची दाढी नुकती विंचरलेली, कुणाच्या सदऱ्याला साबणाचा वास. इथं उजवीकडे कपाट होतं आणि डावीकडे पलंगाचा पाय.

एकदा शेजारणीला बसवून ते गेलेही होते. परक्या बाईला कसं सांगायचं म्हणून बायकोने लघवी रोखून धरली. ते परतले तेव्हा ती ओल्या चादरीवर, भिंतीकडे तोंड करून रडत होती. शेजारणीला पत्ताच नव्हता. त्यानंतर बायको दर शुक्रवारी "जा" म्हणे आणि ते "बघू" म्हणत. बघायचं काय होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं.

दारावर थाप पडली. कुणाचं तरी अडलेलं कुलूप असणार म्हणून त्यांनी कानस हातात घेऊनच दार उघडलं.

"काय रे, हत्यार घेऊन स्वागत?" दारात शिंपी उभा होता. त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. नमाजेच्या रांगेतही कायम त्यांच्या शेजारी. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"तुला कुठं टोचणार आहे ती? ये आत."

शिंप्याने कागद सोडला. आत गाऊन होता. "वहिनी, हे बघा, पुढून बंद लावलेत. बाहीत हात घालताना आता या गड्याशी कुस्ती नको."

बायकोने चालत्या हाताने कापड चाचपलं. "रंग... म्हातारा."

"उरलेल्या तुकड्यातलं आहे हो. पण टिकाऊ आहे, तुमच्या नवऱ्यासारखं."

"भावजी, तुमच्याकडचं... सगळं उरलेलंच."

तिघंही हसले. चहा झाला. शिंप्याने मित्राच्या सदऱ्याकडे, ओल्या केसांकडे पाहिलं आणि बशी खाली ठेवली.

"एक सांगू? तुझी खुर्ची आम्ही कुणाला देत नाही."

गुडघे वाकेनासे झाल्यापासून किल्लीवाले रांगेच्या टोकाला एका लाकडी खुर्चीवर बसून नमाज पढत. खुर्ची मशिदीचीच, पण तिचा लुळा पाय त्यांनी स्क्रू पिळून घट्ट केला होता, म्हणून सगळे तिला किल्लीची खुर्ची म्हणत.

"दर जुम्म्याला मी लवकर जातो आणि तिच्यावर माझा रुमाल टाकून ठेवतो," शिंपी म्हणाला.

किल्लीवाल्यांच्या डोळ्यांसमोर मशीद उभी राहिली. ती खिडकी, ती चटई, इमामसाहेबांचं प्रवचन, खुतबा, सुरू व्हायच्या आधीची ती खोकण्याखाकरण्याची कुजबूज, आणि त्या सगळ्यात आपली जागा, तशीच. पुन्हा एकदा ऐकावंसं वाटून त्यांनी विचारलं, "कुणी मागितली नाही?"

"मागितली की! मागच्या जुम्म्याला बेकरीवाले आले होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ना त्यांचं. मी सांगितलं, ही ठेवलेली आहे."

"मग?"

"मग काय, गेले मागे. भिंतीला टेकून, पाय लांब करून बसले. नमाजही तशीच पढले."

"रांग सोडून?"

शिंप्याने रिकाम्या बशीकडे पाहिलं. मग म्हणाला, "अरे, तुझी आठवण म्हणून..."

"मेलेत का... हे?" पलंगावरून आवाज आला.

शिंप्याला हसावं की नाही, कळेना. किल्लीवाले हसले नाहीत. अल्लाच्या घरात जागा कुणाच्या नावावर नसते, हे ते दोघे एकाच वयात, एकाच ओट्यावर बसून शिकले होते. मायेपोटी एक विसरला होता आणि ऐकताना सुख वाटलं म्हणून दुसराही क्षणभर विसरला होता. बेकरीवाले तिथं बसले की रांग भरणार. भरल्या रांगेत कोण आलं नाही, ते कुणाच्या ध्यानात राहतं? त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते, पण ती झोपलेली नव्हती.

ते दारापर्यंत शिंप्याला सोडायला गेले. त्याचा खांदा धरला आणि जरा वेळ धरूनच ठेवला.

"माझं एक काम कर," ते म्हणाले. "आज त्या खुर्चीवर बेकरीवाल्यांना बसव. आपण होऊन हाताला धरून बसव. त्यांना मागायला लावू नकोस."