धारेवरची सात झुडपं

एदुविना रेतामालेस, साऱ्या गावाची मावशी, शेवंडं पकडायचे पिंजरे बनवायची. आमच्या बेटावर पिंजरा माकीच्या फांद्यांचा असतो. माकी बाहेरून आलेली आणि इथे माजलेली, त्यामुळे ती कितीही तोडली तरी कोणी हरकत घेत नाही. सरळ, चिवट फांदी हवी म्हणून मावशी कमरेला कोयता लावून पार डोंगराच्या धारेपर्यंत, धुक्यात चढायची. बत्तीस वर्षं चढली. आणि पुढे या गोष्टीत जे शिकलेले लोक येतील, त्यांतली एक सोडली तर बाकी सगळे मिळून त्या धारेवर बत्तीस तासही थांबलेले नाहीत.

मी इथल्या शाळेत शिकवते. मावशीला लिहिता येई, पण अर्जाची भाषा येत नसे, म्हणून तिची पत्रं मी लिहायचे. तिच्या तोंडचे तिखट शब्द गाळून मी ती मऊ केली. त्याचा मला अजून राग येतो.

खालच्या उतारांवर नेग्रिता नावाचं झुडूप ढिगाने उगवतं. वर धारेवर तसंच दिसणारी अकरा झुडपं होती. त्यांच्या पानांची मागची बाजू राखेसारखी, म्हणून मावशी त्यांना ‘सेनिसा’ म्हणे, म्हणजे राखच. ती तिला कोयत्याने कळली होती. नेग्रिताची फांदी कटकन मोडते. सेनिसाची वाकते, पिळते, पण तुटत नाही. नेग्रिता डिसेंबरात फुलते, सेनिसा मार्चमध्ये.

अशाच एका मार्चमध्ये मुख्य भूमीवरून, वाल्पाराइसोच्या जहाजातून प्रोफेसर लेओनिदास उर्सुआ आले. बेटांवरच्या वनस्पतींची सरकारी यादी त्यांच्या हातात होती. मावशीने त्यांना वर न्यायचं कबूल केलं, पण अर्ध्या वाटेत प्रोफेसर एका दगडावर बसले ते उठेचनात. शेवटी मावशीच वर जाऊन दोन झुडपांच्या फुललेल्या डहाळ्या घेऊन आली. मी तिथेच होते.

“ही नेग्रिताच,” प्रोफेसर म्हणाले. “उंचीवर पानांना लव येते.”

“नेग्रिता मार्चात फुलते होय?”

“थंडीने उशीर होतो, बाई.”

“आणि थंडीनेच लाकूड चिवट होतं?”

“लाकूड मोडून झाडं ओळखत नसतात.” त्यांनी दोन्ही डहाळ्या शेजारी धरल्या. “हे बघा. या फुलात नुसते पिवळे तंतू, आणि त्या फुलात मधोमध हिरवा दाणा. एकाच धारेवर फुलं इतकी बदलतात, म्हणजे ही वेगळी जात नाहीच. नेग्रिताचीच बदलती रूपं.”

उतरताना मावशी धुसफुसत होती. “आपल्या इथला हमिंगबर्ड नर लाल आणि मादी हिरवी. याच लोकांनी कित्येक वर्षं त्यांना दोन वेगळे पक्षी ठरवलं होतं! नवरा-बायको ओळखू येत नाहीत, आणि मला झाडं शिकवतात.” बोलता बोलता ती थबकली. माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला. “अगं बाई! हीसुद्धा नवरा-बायकोच आहेत.”

तिचं खरं होतं. तिने अकराही झुडपांना चिंध्या बांधून वर्षभर पाहिलं. पिवळ्या तंतूंच्या सहा झुडपांना एकही फळ धरलं नाही. हिरव्या दाण्याच्या पाचांना धरलं. मी प्रोफेसरांना चार पानी पत्र लिहिलं. एका ओळीत उत्तर आलं: नोंद नेग्रिता अशीच राहील.

त्या एका ओळीने काय केलं ते ऐका. दुसऱ्याच वर्षी धारेवर पाण्याची टाकी बांधायचं ठरलं, आणि टाकीसाठी खेचरांचा रस्ता. मावशी इंजिनियरकडे गेली.

“रस्ता दहा पावलं वळवा. तिथे जगात कुठे नाहीत अशी झाडं आहेत.”

त्याने यादी उघडली. “हे झाड यादीत नाही.”

“यादीत नाही, पण डोंगरावर आहे. चला, दाखवते.”

“मावशी, मी यादी बघतो. डोंगर नाही.”

रस्ता कापायला दोन सकाळी लागल्या. सात झुडपं गेली: पाच नर, दोन माद्या. मजुरांनी त्यांच्या लाकडावर चहाचं पाणी तापवलं. टाकी उभी राहिली, पण पंप कधी आलाच नाही. आजपर्यंत त्या टाकीत गावासाठी एक घोट पाणी पडलेलं नाही!

मावशीने तोडलेल्या फांद्या आणून मातीत लावल्या. एकही जगली नाही.  आठ दिवस पिंजरेसुद्धा अर्धवट पडून होते. नवव्या दिवशी माझ्या दारात येऊन म्हणाली, “तीन माद्या आणि एक नर उरलाय. तोही घळीच्या पलीकडे. पराग वाहणारा तो पक्षी एवढ्या लांब एका झुडपासाठी कशाला जाईल? मलाच जावं लागणार.”

तेव्हापासून दर मार्चमध्ये ती कोंबडीचं पीस आणि तंबाखूची रिकामी डबी घेऊन वर जायची. नराचे पराग डबीत झाडायचे, घळ उतरून पुन्हा चढायचं, आणि माद्यांच्या एकेका फुलाला पीस लावायचं. बियांनी दोन वर्षं दाद दिली नाही. तिसऱ्या वर्षी दोन कोंब आले. धारेवरची माती भरून तिने ते जुन्या पिंजऱ्यांत वाढवले, म्हणजे सशांची तोंडं पोचत नाहीत.

धक्क्यावरच्या कोळ्यांना करमणूक झाली. आबेलिनो ओरडायचा, “काय मावशी, झाडांची लग्नं लावतेस? स्वतःचं तेवढं राहिलं!”

“वर सगळे तुझ्यासारखे, म्हणून राहिलं रे!”

नऊ वर्षांत तिच्या अंगणात त्रेचाळीस रोपं झाली. मग शिमेना पोब्लेते नावाची एक तरुण संशोधक आली. ती मावशीच्या स्वयंपाकघरात दोन महिने राहिली, तिच्या मागोमाग धारेवर चढली, आणि मुख्य म्हणजे तिने ऐकून घेतलं. नर फूल, मादी फूल, फळ, बी, लाकूड, सगळं तिने नेग्रिताशी ताडून पाहिलं आणि लिहून काढलं: ही स्वतंत्र जात आहे.

पण शिमेनाचे वरिष्ठ कोण? प्रोफेसर उर्सुआ. निबंध छापून आला तेव्हा पहिलं नाव त्यांचं होतं. शिमेनाला झुडपाला एदुविनाचं नाव द्यायचं होतं. दिलं गेलं त्यांच्या संस्थेच्या एका माजी संचालकाचं, ज्याने आमचं बेट नकाशावरच पाहिलं असेल. एकदा छापलेलं नाव बदलत नाही, असं शिमेनाने रडत रडत मला सांगितलं. मी तक्रार लिहायला कागद काढला. मावशी म्हणाली, “नाव घेऊन काय करू? त्याला पाणी घालू?”

मार्चमध्ये धक्क्यावर नव्या जातीच्या सन्मानाचा समारंभ झाला. पाहुणे पुढे, मावशी तिसऱ्या रांगेत. प्रोफेसर म्हणाले, “या झुडपाचं वेगळेपण मला पहिल्याच भेटीत जाणवलं होतं.”

मावशी उठली. सजावटीसाठी तिच्याच अंगणातून नेलेली दोन फुललेली रोपं तिने उचलली आणि त्यांच्या टेबलावर आदळली. “प्रोफेसर, यातला नर कोणता?”

त्यांनी चष्मा सारखा केला. बराच वेळ पाहिलं. मग बोट दाखवलं, नेमकं मादीकडे.

आबेलिनो एवढ्या मोठ्याने हसला की बँडवालेही हसले.

“विज्ञान हळूहळू पुढे जातं, बाई,” प्रोफेसर पुटपुटले.

“विज्ञान जाऊ दे पुढे. माझी सात झुडपं कुठे गेली ते सांगा.”

कोणीतरी घाईने बँडला खूण केली.

तुम्हाला वाटेल, संपलं. छे! पुढच्या मार्चला धारेवर कुंपण, फाटक, कुलूप. राखणदार नोल्बेर्तो, आमच्याच गावचा, मान खाली घालून उभा. “मावशी, परवाना लागतो. आता संरक्षित आहे. फुलाला हात लावणं गुन्हा आहे.”

“मी हात लावला नाही तर फळ धरणार नाही. मग राखशील काय? कुंपण?”

“मला वरून हुकूम आहे गं.”

“वरून? वर तर मी चालले आहे.” आणि ती फाटकासमोर ओल्या गवतात बसली. तेव्हा ती बहात्तर वर्षांची होती. तासाभराने नोल्बेर्तोने कुलूप काढलं आणि आपल्या वहीत स्वतःच्या नावाने लिहिलं, ‘फाटक मी उघडलं.’ त्याच्यावर चौकशी बसली. शिमेनाने मुख्य भूमीवर भांडून परवाना मिळवला. तो जूनमध्ये आला, फुलं गळून गेल्यावर, आणि त्यात लिहिलं होतं, ‘फक्त पाहण्यासाठी’. हाताळायचा परवाना यायला आणखी एक मार्च गेला.

अंगणातली रोपं मावशी दरवर्षी वर नेऊन लावत गेली; आता धारेवर साठाच्या वर झुडपं आहेत, त्यांत बावीस नर. गेल्या वर्षी मावशीचे गुडघे चालेनात, तेव्हा नोल्बेर्तोने तिला खेचरावर बसवून नेलं. पीस न लावलेल्या माद्यांवरही फळं धरली होती; पक्षी पुन्हा येऊ लागला होता. तिने एक फळ बोटांत फिरवून पाहिलं. मग म्हणाली, “उरलेली रोपं टाकीच्या रस्त्यात लावा. बरोबर मधे.”

आम्ही सात खड्डे खणले आणि लावली. दोन महिन्यांनी टाकीवाल्या खात्याचं पत्र आलं: संरक्षित झुडपांमुळे रस्ता अडल्याची तक्रार आहे, खुलासा करावा. मी कागद घेतला. मावशी पिंजरा वळत होती, मान वर न करता म्हणाली, “लिही. रस्ता अडला आहे.”

तेवढंच लिहून मी पाठवलं.